संग्रहालयातली गाय

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात गाईगुरांवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. परंतु ज्या जागेविषयी मी लिहितो आहे, ती एका भाषाभ्यासकानेच उभी केली, हे आधी सांगून टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात मामांकडे स्टॉकहोमला जाण्याचा योग आला. तेथे ‘स्कान्सेन’ नावाचे खुले संग्रहालय आहे. कारखानदारीच्या लाटेत खेड्यातले जुने जीवन नाहीसे होताना पाहून आर्तुर हासेलियस यांनी १८९१ मध्ये ते स्थापन केले. देशभरातली जुनी घरे उचलून आणून त्यांनी तेथे पुन्हा उभारली. आज त्या घरांच्या आसपास स्वीडनच्या जुन्या जातींची जनावरेही पाळलेली आहेत.

त्यांतली डोंगरी गाय मला फार आवडली. चणीने लहान, पांढऱ्या अंगावर ठिपके आणि शिंगे मुळीच नाहीत! उत्तरेकडच्या रानातल्या विरळ चाऱ्यावर ही गाय दूध देई. उन्हाळ्यात बायका-मुली गुरे घेऊन रानातल्या खोपटांत राहत, लोणी-चीज करीत आणि उंच सुरात साद घालून गाईंना माघारी बोलावीत. स्वीडन-नॉर्वेच्या या परंपरेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले.

मी भारावून म्हणालो, “मामा, आपण मात्र आपल्या गाई घालवल्या!”

मामा शांतपणे म्हणाले, “तुझी फी कुठल्या गाईच्या दुधावर भरली रे?”

मी निरुत्तर झालो. आमचे गाव अकोले तालुक्यातले. धो धो पावसात तग धरणारी डांगी गाय आमच्या दावणीला होती. मी अकरावीत गेलो त्या वर्षी वडिलांनी ती विकली आणि संकरित गाय आणली. डेअरीत दूध वाढले, म्हणून मी आज महाविद्यालयात आहे.

मग जुन्या जाती जपायच्या कशाला? माझ्या मते, जात म्हणजे एका मातीने आणि माणसांनी शेकडो वर्षे केलेली निवड असते. ती एकदा संपली की पैसे ओतूनही परत येत नाही. उद्या हवामान बदलले, नवे रोग आले, तर तिचाच काटकपणा कामी येईल.

परंतु ही राखण कोणाच्या खर्चाने? स्वीडनमध्येही डेअरीचे बहुतेक दूध भरपूर दूध देणाऱ्या सुधारित जातींचेच असते. मात्र तेथील सरकार दुर्मीळ जाती पाळणाऱ्या शेतकऱ्याला अनुदान देते. वारसा सर्वांचा, तर खर्चही सर्वांचा, हा विचार मला पटतो. शहरात बसून गरीब शेतकऱ्याला ‘देशी गाय सोडू नकोस’ असा उपदेश करणे सोपे आहे. तिच्या कमी दुधाची भरपाई कोण करणार, हे कोणी सांगत नाही.

मित्रांनो, आपणही काही करू शकतो. घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून गुरांची नावे, त्यांना घालायच्या हाका, रंगांचे शब्द लिहून घेऊ. हासेलियस यांनीही आधी जुन्या वस्तू गोळा करण्यापासूनच सुरुवात केली होती. पण वहीत लिहिलेली गाय दूध देत नाही, हेही विसरू नये. आमच्या आजीच्या तोंडून डांगीला घातलेली हाक अजून अधूनमधून निघते. गोठ्यातली संकरित गाय तिच्याकडे मान वळवूनही पाहत नाही.