एका रक्ताची कसोटी : जालन्याचे बेथेल, वंशाचे शास्त्र आणि १९५० चा आदेश

१/
सिकंदराबादहून मनमाडकडे जाणाऱ्या निजामकालीन लोहमार्गावर नांदेड जिल्ह्यातील उमरी हे स्थानक लागते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील बँकेवरील धाडीमुळे हे नाव इतिहासप्रेमींना परिचित आहे. त्याच मार्गावर पुढे जालना आहे. मनुष्याची ओळख रक्ताने ठरते की आणखी कशाने, या प्रश्नाची एक मोठी परीक्षा एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ झाली. तिची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

२/
प्रथम तत्त्व पाहू. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे सर्व मानव एकाच दांपत्याची संतती आहेत आणि प्रत्येकात ईश्वराची प्रतिमा आहे. बाप्तिस्मा हा त्या श्रद्धेत दुसरा जन्म मानला जातो. ‘द्विज’ या कल्पनेतही दुसरा जन्म आहेच. परंतु तो मिळण्यासाठी पहिला जन्म विशिष्ट घरी व्हावा लागतो. बाप्तिस्म्याला तशी अट नाही. जो दुसरा जन्म सर्वांना खुला आहे, त्याच्यापुढे पहिल्या जन्मावरची उतरंड टिकू नये. निदान तत्त्वतः तरी.

३/
हे तत्त्व महाराष्ट्रात प्रथम गाजले ते पंक्तीवरून. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि श्रीपत त्यांच्या ताब्यात परत आला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तो ख्रिस्ती लोकांबरोबर राहिला व जेवला होता. एवढ्यावरून त्याची जात गेली की राहिली, यावर मोठा वाद पेटला.

४/
बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जात जर खरोखर रक्तात असती, तर परक्या ताटातील घासाने ती जाण्याचे कारण नव्हते. घासाने जाणारी आणि प्रायश्चित्ताने परत येणारी वस्तू रक्तात नसते. ती भोवतालच्या लोकांच्या संमतीत असते.

५/
थोरले बंधू रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे १८६० च्या दशकात जालन्यास आले. त्यांच्या कार्यात मांग समाजातील लोक मोठ्या संख्येने सहभागी झाले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही शेषाद्री उपस्थित होते.

६/
बेथेलचे महत्त्व प्रवचनांपेक्षा जमिनीत आहे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना स्वतःचे घर, शेत आणि प्रार्थनामंदिर मिळणे हा समतेचा मूर्त अर्थ होता. जन्माने ब्राह्मण असलेला पुरोहित त्यांच्यात राहिला, हीदेखील त्या काळात लहान गोष्ट नव्हती. तथापि एक मर्यादा स्पष्ट दिसते. समतेसाठी वेगळे गाव वसवावे लागले. जुने गाव होते तेथेच, होते तसेच राहिले.

७/
मिशनऱ्यांच्या विद्वत्तेतही हा अंतर्विरोध होता. व्यासपीठावरून ते सर्व मानवांचे एकच मूळ सांगत. अभ्यासिकेत मात्र ‘आर्य’ आणि ‘आर्यपूर्व’ अशा थरांची मांडणी चाले. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन स्टीव्हन्सन यांनी भारतीय भाषांतील आर्यपूर्व थराचा शोध घेतला. मूळ प्रश्न भाषेचा होता. पुढे भाषेचे कूळ आणि माणसाचे कूळ एकच समजण्याची चूक युरोपभर रूढ झाली आणि भारतातही रुजली.

८/
स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी याच आर्य-सिद्धान्ताला उलटे वळण दिले. बाहेरून आलेले आर्य हे श्रेष्ठ नसून आक्रमक ठरले. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत; परंतु एका ‘निर्मिका’ची सर्व माणसे भावंडे आहेत ही त्यांची भूमिका याच वादाच्या केंद्राशी भिडते.

९/
पंडिता रमाबाईंना दुसरी बाजू दिसली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा भारतातील अँग्लिकन बिशपांनी विरोध केला. एका बाप्तिस्म्याने जोडलेल्यांतही राज्यकर्ते व प्रजा हा भेद उरलाच. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेवरील त्यांच्या मराठी ग्रंथात त्या देशाचे कौतुक आहे. त्याचबरोबर कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी यांना मिळणाऱ्या वागणुकीवर टीकाही आहे.

१०/
रमाबाईंचा अनुभव अपवादात्मक नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ मध्ये वर्णानुसार वेगळ्या उपासनेला मुभा दिली. ती काही सदस्यांच्या दुर्बलतेसाठी दिलेली सवलत होती. पुढे त्या सवलतीचे तत्त्व झाले आणि तत्त्वाचे वर्णभेदी राज्य झाले. वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड आहे, असे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघाने ओटावा येथे जाहीर केले ते १९८२ मध्ये. मधे सव्वाशे वर्षे गेली.

११/
दरम्यान वंशाचे ‘शास्त्र’ भारतीयांची नाके मोजत होते. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या मापाची सांगड सामाजिक दर्जाशी घातली. त्या शास्त्राला दोन मराठी अभ्यासकांनी दिलेली उत्तरे विशेष आहेत. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी कवट्यांच्या विषमतेचा अभ्यास केला. वंशानुसार फरक निघेल ही गुरूंची अपेक्षा होती. कर्व्यांच्या मोजमापांनी ती फोल ठरवली.

१२/
दुसरे उत्तर डॉ. आंबेडकरांचे. १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधापासून १९४८ च्या ‘अस्पृश्य’विषयक ग्रंथापर्यंत त्यांनी जातीची वंशाधारित उपपत्ती नाकारली, रिस्लीपंथीयांच्या मोजमापांचाच त्यांनी त्या उपपत्तीविरुद्ध उपयोग केला. म्हणजे माणूस एकच आहे, या निष्कर्षाला प्रयोगशाळा व समाजशास्त्र स्वतंत्र वाटांनी पोहोचले. मात्र धर्मांतरित ख्रिस्ती समाजात जातिभेद टिकून राहिल्याबद्दल आंबेडकरांनी चर्चला कठोर शब्दांत जाबही विचारला. तो प्रश्न आजही मिटलेला नाही.

१३/
आता १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश पाहा. त्यानुसार हिंदूंखेरीज अन्य धर्मीय व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाऊ नये, असे ठरले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. २०२२ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

१४/
यातील उपरोध विलक्षण आहे. ‘ख्रिस्तात जात नाही’ या धर्मवचनावर हा आदेश चर्चपेक्षाही अधिक विश्वास ठेवतो. बाप्तिस्म्याचे पाणी पडले की शतकांचा कलंक पुसला गेला, असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात बाप्तिस्म्याने बदलते ती स्वीकारणाऱ्याची श्रद्धा. मराठवाड्यातील एखाद्या गावात शेजाऱ्याची नजर, पाणवठ्यावरचे अंतर, सोयरिकीची सीमा आणि वस्तीची जागा यांपैकी काहीही त्या दिवशी बदलत नाही.

१५/
यावर एक सबळ आक्षेप आहे : जातीमुळे मिळणारे संरक्षण मागायचे, तर जात नाही असे सांगता येणार नाही. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये. जात ही श्रद्धेची बाब असती, तर श्रद्धा सोडताच ती गेली असती. रक्ताची बाब असती, तर कर्व्यांच्या मोजपट्टीत ती सापडली असती. जात ही इतरांच्या वागणुकीची बाब आहे. म्हणून ज्याने ती नाकारली, त्यालाही ती भोगावी लागते.

१६/
तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी मान्य करणे आवश्यक आहे. राज्याने धर्म न पाहता अन्याय पाहावा. आणि चर्चने आपल्या अंगणातील जात उघडपणे कबूल करावी. नेतृत्व, विवाह आणि दफनभूमी या तिन्ही ठिकाणी तिचा हिशेब द्यावा. अशी कबुली हा तत्त्वाचा पराभव नव्हे. एका रक्ताचा सिद्धान्त सांगणाऱ्याने तो कोठे पाळला गेला नाही हे दाखवणे, ही त्या सिद्धान्तावरील निष्ठेचीच खूण आहे.

१७/
शेषाद्री बंधूंपैकी एकाची जात घासावर तोलली गेली. दुसऱ्याने जात सोडली आणि ज्यांना ती सोडता येत नव्हती त्यांच्यात जाऊन तो राहिला. माणूस एक आहे, हे वाक्य दोन्ही घटनांत समान होते. त्याची सत्यता मात्र प्रत्येक वेळी ताटावर, जमिनीवर आणि शेजारावरच ठरली. मराठवाड्याच्या इतिहासाचे हे पान वाचताना तीच कसोटी हाती धरावी. (समाप्त)