दीर्घायुष्य बाटलीत आहे काय?

शंभर वर्षे जगावे ही इच्छा मनुष्यमात्रास आहे. आणि जेथे इच्छा तेथे दुकान, हा नियम वसई-विरारच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको. वार्धक्य मागे हटविणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती आज ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येत आहेत. हा माल नवा नव्हे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ या रशियन पंडितांनी असे प्रतिपादन केले की, आतड्यातील जंतूंच्या विषाने म्हातारपण लवकर येते व आंबट दह्याने त्यास आळा बसतो. रोगप्रतिकारावरील संशोधनाबद्दल १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच. परंतु दह्याचे नित्य सेवन करूनही १९१६ साली ७१ व्या वर्षी ते निवर्तले. (ताकाने शतायुषी होता आले असते, तर आमच्या आळीत शंभरीच्या आतला मनुष्य शोधावा लागता!) पुढे १९२० नंतर व्होरोनॉफ नामक शल्यविशारदाने धनिक वृद्धांस माकडाच्या ग्रंथींचे तुकडे बसविण्याचा सपाटा चालविला. केवळ परक्यांस हसण्याचेही कारण नाही. पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासारख्या थोर पुरुषाने १९३८ साली कायाकल्प करवून घेतला. तारुण्य काही परतले नाही.

आता त्याच मेचनिकॉफ यांचे शिष्य हाफकीन यांचे उदाहरण घ्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत थोड्याच महिन्यांत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढच्याच महिन्यात सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि पुण्यात गोरे शिपाई लोकांच्या माजघरात शिरले. एकाने आपला दंड पुढे केला, दुसऱ्याने दंडुका. लोकांचा विश्वास कोणावर बसावा? पंजाबातील मुल्कोवाल येथे १९०२ साली दूषित बाटलीतील लस टोचल्यामुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा पुराव्याची नीट छाननी होण्यापूर्वीच दोष हाफकीन यांच्या माथी मारण्यात आला. त्यांची निर्दोषता मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. न्यायाची ही तऱ्हा आम्हां वकिलांस अपरिचित नाही. असो. परळची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांचेच नाव धारण करून आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या देशातील सरासरी आयुर्मान २५ वर्षांहूनही कमी होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. म्हातारे अमर झाले म्हणून हे घडले, असे कोणी समजू नये. पाळण्यातली मुले जगू लागली, बाळंतिणी वाचू लागल्या, हेच त्याचे मुख्य कारण होय. एक मूल पहिल्या वर्षी गेले व एक मनुष्य ८० वर्षे जगला, तर सरासरी चाळीसच भरते. हा हिशेब व्यापाऱ्यास पाटी न घेता करता येईल.

पण तो हिशेब आमच्याच जिल्ह्यात अजून पुरा झालेला नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीस, १९९२ साली कुपोषणाने शंभरावर बालके मेली. त्यांस कोणत्याही नव्या शोधाची गरज नव्हती. अन्न हवे होते आणि वेळेवर दवाखाना हवा होता. इकडे नालासोपाऱ्यास टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या पिंपात काय आहे, याची विचारपूस कितीजण करतात? दीर्घायुष्याच्या गोळ्यांवर पैसा खर्चणाऱ्या आमच्या सधन वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, पुढील बाटली विकत घेण्यापूर्वी त्यांनी महापालिकेच्या कचेरीत जावे, आणि आपल्या प्रभागातील पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला व त्यात काय निघाले, हे लेखी मागावे.