प्रभू की माउली?

गेल्या सत्राच्या परीक्षेत मी एक वाक्य लिहिले होते : 'माउलींनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली.' पेपर परत मिळाला तेव्हा 'माउलींनी' या शब्दाभोवती तांबडे वर्तुळ होते आणि समासात शेरा : 'कवीचे नाव लिहावे.' शेरा चुकीचा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मी तसे मुद्दाम लिहिले नव्हते. आमच्या घरात 'ज्ञानेश्वर' असे कोणी म्हणतच नाही. आजीला अक्षर वाचता येत नाही, हरिपाठ मात्र तोंडपाठ. तिला हा शेरा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मंग माऊलीला आनि काय म्हनायचा?"

तेव्हापासून कवींच्या नावांचा विचार डोक्यात घोळतो आहे, तो वाचकांपुढे ठेवते.

वर्गात आम्हांला कवी भेटतात ते पदव्यांसह. केशवसुत 'आधुनिक मराठी कवितेचे जनक', गडकरी 'भाषाप्रभू'. प्रभू म्हणजे देवच की! ठोंबऱ्यांना तर 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात, वयाच्या सतराव्या वर्षी 'बालकवी' ही पदवी मिळाली. 1918 साली ते गेले, तरी ते आजतागायत 'बाल'च. त्र्यंबक बापूजी हे त्यांचे नाव आमच्या वर्गात किती जणांना सांगता येईल कोण जाणे.

आता गंमत पाहा. गडकऱ्यांनी कवितेखाली नाव घातले ते 'गोविंदाग्रज', म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. शिरवाडकर बहिणीच्या नावावरून कुसुमाग्रज झाले. एकनाथांनी आपल्या नावाला गुरूंचे, जनार्दनस्वामींचे नाव जोडून घेतले. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. आणि केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. ज्याने जन्मभर नावात 'सुत' वागवला, त्याला आपण 'जनक' करून टाकले! कवी स्वतःला कुणाचा तरी कोणीतरी म्हणवतो. आपण ते नाते बाजूला सारतो आणि त्याला मखरात बसवतो.

यावर कोणी विचारील, 'माउली' हेही देवपणच नव्हे काय? विठ्ठलालाही माउलीच म्हणतात. प्रश्न रास्त आहे. पण असे बघा, परंपरेप्रमाणे समाधी घेतली तेव्हा ज्ञानेश्वर अवघे एकवीस वर्षांचे होते, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. संसार नाही, मूलबाळ नाही. आणि अशा तरुणाला लोक सातशे वर्षे आई म्हणत आले! विठोबाला तीच हाक आणि वारीत शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसालाही तीच. अशा शब्दाने कोणी मखरात बसत नाही. उलट देवच खाली उतरतो, विठू होतो, विठाई होतो. प्रभूपुढे हात जोडावे लागतात, आईशी भांडता येते.

हे माझ्या मनाला एवढे का लागावे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मी वहीत काही ओळी लिहिते आणि ती वही पेटीच्या तळाशी ठेवते. कविता करणे हे प्रभूंचे काम, ही भीती मला वर्गात बसली. घरी ती नव्हती. आमच्या वाडीत जाखडीची गाणी रचणारे बुवा दिवसा लावणीच्या चिखलात असतात, आणि त्यांच्या गाण्यातली चूक काढायला कोणी कचरत नाही.

यंदा संगमेश्वरहून आम्ही चार मैत्रिणी मालगुंडला गेलो. वाटेत गणपतीपुळ्याला देवळापुढे ही रांग! तिथून जवळच असलेल्या केशवसुतांच्या जन्मघराशी मात्र आम्ही चौघीच. 1994 साली तिथे स्मारक झाले आहे. घर आपल्याकडच्या जुन्या घरांसारखेच, साधे. त्यात जन्मलेला हा शाळामास्तर 1905 साली हुबळीला प्लेगने गेला. हयातीत त्याचा एकही संग्रह निघाला नाही. तो निघाला 1917 साली, हरिभाऊ आपट्यांनी काढला म्हणून. त्या ओसरीशी उभी असताना 'जनक' हा शब्द मला आठवलासुद्धा नाही.

घरी येऊन आजीला सगळे सांगितले. तिने विचारले, "नाव काय त्येंचा?"

"केशवसुत. म्हणजे केशवाचा मुलगा."

आमच्या वाडीत नवे माणूस आले की पहिला प्रश्न असतो, 'तू कुनाचा?' आजीने मान डोलावली.

"बापाचा नाव लावलान होय? बरा केलान."