उंदीर बरे झाले, पुढे काय?

मा. सचिव,
विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, नवी दिल्ली

महोदय,

2007 साली आपल्या विभागाच्या नॅनो मिशनला पाच वर्षांसाठी हजार कोटी रुपये मंजूर झाले. 2014 मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी 650 कोटी. कागदावरचे संशोधन वापरात आणणे हे मिशनच्या उद्दिष्टांत होते, हे आपणांस मी सांगायला नको. त्यातले कर्करोगाच्या रुग्णापर्यंत काय पोचले?

एक उपचार उदाहरणाला घेऊ: अवरक्त प्रकाश शोषणारा रंग नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कणांत भरून गाठीत पोचवायचा आणि वरून लेझर सोडायचा. रंग तापतो, गाठीच्या पेशी मरतात. असा एक रंग, इंडोसायनिन ग्रीन, डोळ्यांचे डॉक्टर तपासणीसाठी कधीपासून वापरतात. हा प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, म्हणून पोटातल्या गाठीला त्याचा उपयोग बेताचाच. पण गालाच्या आतल्या गाठीला?

हे मी दिवेआगरातून विचारतो आहे. इथली रोठा सुपारी नावाजलेली. तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2003 मध्येच जाहीर केले. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, आणि पुडी कुठे मिळते ते शाळकरी पोरही सांगेल. तेव्हा तोंडाच्या कर्करोगावरचा इलाज आम्हांला परका विषय नाही.

पवईची आयआयटी आणि खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, येथील संशोधकांनी 2015 मध्ये रंगाऐवजी सोन्याचा मुलामा दिलेले, शरीरात विरघळणारे कण वापरून उंदरांच्या गाठी लेझरने नष्ट केल्याचे प्रसिद्ध केले. खारघर आमच्याच रायगड जिल्ह्यात. (आमच्या गावाने सोन्याचा गणपती सापडलेला पाहिला आणि चोरीला गेलेलाही. नुसत्या सोन्याच्या बातमीने आम्ही हुरळत नाही.) त्या उंदरांनंतर काय झाले? 2019 मध्ये अमेरिकेत सोन्याच्याच कणांनी प्रोस्टेटच्या 16 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. आपल्याकडे त्याच वर्षी नॅनो-औषधे तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, म्हणजे मिशननंतर बारा वर्षांनी. तोवर संशोधकांनी कोणाचे दार ठोठावायचे होते?

चमत्कार मागत नाही. प्रकाश आणि उष्णतेच्या उपचारांवरील आपल्या विभागाच्या पैशातला प्रत्येक प्रकल्प आज कुठे आहे, ते जाहीर करावे. मानवी चाचणीला कोणता गेला? अडला असेल तर पैशासाठी, परवान्यासाठी, की टोचण्याइतके शुद्ध कण बनवणारा कारखाना नाही म्हणून? आमचा रुग्ण आजही परळच्या कर्करोग रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. त्याला निदान कारण कळू द्या.

उत्तर मराठीत यावे. ‘अहवाल संकेतस्थळावर आहे’ एवढेच लिहायचे असेल, तर टपालखर्च वाचवावा.

आपला,
एक नागरिक
दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड