फुकटचा खेळ खरोखर फुकट असतो का?



या खेपेला 'माझे मत' या सदरात लिहायचे काम बाईंनी माझ्याकडे दिले. पुष्कळ जण 'मोबाईल शाप की वरदान' यावर लिहितात. मी तसे लिहिणार नाही. मोबाईल घरात आलेला आहे आणि आपण सगळे त्यावर खेळतो, हे खोटे बोलण्यात अर्थ नाही. मग त्यातला चांगला खेळ ओळखायचा कसा, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगते. आमच्या घरी एकच मोबाईल आहे, बाबांचा. त्याला रोज दीड जीबी नेट मिळते. माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे. त्याला रंगीत गोळ्या फोडायच्या एका खेळाचे वेड लागले होते. खेळ फुकट होता म्हणून कोणी काही बोलले नाही. पण दर डाव संपला की एक जाहिरात लागायची, तीही चालती-बोलती. डाव हरला की "जाहिरात बघ, आणखी एक संधी घे" असे यायचे. एके दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे नेट संपले. त्याच रात्री बाजारातून चुलत्यांनी बाबांना निरोप टाकला होता की उद्या लिलाव बंद आहे, कांदा आणू नका. तो निरोप आलाच नाही. बाबा पहाटे पिकअप भरून गेले आणि तसेच परत आले. गाडीभाडे १२०० रुपये अंगावर पडले.

बाबा भावाला मारले नाहीत. नुसते म्हणाले, "फुकाट फुकाट म्हणता, आन् बाराशेला पडला की रं तुझा ख्योळ!" मग त्यांनी मोबाईल ट्रंकेत ठेवून कुलूप लावले. आता माझे सराव प्रश्नही त्याच मोबाईलवर येतात, तेही बंद झाले. तेव्हा मी विचार करू लागले की चूक नेमकी कोणाची? भावाची, मोबाईलची, की त्या खेळाची?

जत्रेत आपण दोन प्रकारचे खेळ बघतो. पाळणावाला एकदाच तिकीट घेतो आणि सगळे फेरे देतो. रिंगवाला मात्र दर रिंगला पैसे घेतो, आणि साबणाच्या वडीवर रिंग 'आता पडेल, मग पडेल' असे वाटत राहते. मोबाईलवरचे पुष्कळसे फुकट खेळ रिंगवाल्यासारखे आहेत. आत जायला पैसे नाहीत, पण आत गेल्यावर आपला वेळ, नेट आणि कधीकधी पैसेही जातात. खेळ बनवणाऱ्यालाही पोट आहे, हे मला मान्य आहे. म्हणून एकदाच थोडे पैसे घेऊन परत न मागणारा खेळ मला जास्त प्रामाणिक वाटतो.

गुरुजींच्या मोबाईलवर आम्ही काही खेळ तपासून पाहिले. त्यावरून मी चार कसोट्या काढल्या आहेत.

१) खेळ उतरवण्याआधी नावाखालची बारीक अक्षरे वाचा. जाहिराती आहेत का, आत खरेदी आहे का, हे तिथे लिहिलेले असते.
२) नेट बंद करून खेळ चालू करा. नेटशिवाय चालला तर बाबांचे नेट वाचले.
३) तो काय काय मागतो ते बघा. सोंगट्या हलवायला आपल्या घरच्यांचे फोन नंबर कशाला पाहिजेत?
४) मोबाईल काढून घेतला तर तो खेळ पाटीवर किंवा जमिनीवर खेळता येईल का? येत असेल तर त्यात डोके लागते, असे समजा.

या कसोट्यांना उतरलेले खेळ सांगते. पहिला बुद्धिबळ. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच माणसाने २०१० साली 'लिचेस' सुरू केले. ते फुकट आहे, त्यात एकही जाहिरात नाही, आणि ते लोकांच्या देणग्यांवर चालते. नेट नसले तरी मोबाईलशीच डाव मांडता येतो. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली जॉर्जिया देशात महिलांचा विश्वचषक जिंकला, तो याच चौसष्ट घरांच्या खेळात!

दुसरा म्हणजे सायमन टॅथम या इंग्रज माणसाचा कोड्यांचा संग्रह. त्यात जवळजवळ ४० कोडी आहेत. सुडोकू आहे, आकड्यांच्या सरकत्या फरशा आहेत. फुकट आहे, जाहिरात नाही, नेट लागत नाही. दिसायला साधा आहे, म्हणून भावाने आधी नाक मुरडले. आता तोच "ताई, हे कसं सुटतं गं?" म्हणून मागे लागतो.

तिसरा '२०४८'. गॅब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने तो २०१४ साली बनवला. दोन आणि दोन जोडून चार, चार आणि चार जोडून आठ, असे करत जायचे. २ ला २ ने गुणत गेलात तर अकरा वेळा २ घेतल्यावर २०४८ येतात, करून बघा. पण सावध राहा. त्याने खेळ सर्वांना खुला ठेवला म्हणून पुष्कळ नकला निघाल्या, आणि काहींत जाहिरातीच जाहिराती आहेत. तिथे पहिली कसोटी लावा.

पैसे लावून खेळायच्या खेळांकडे तर बघूच नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. पालकांनीही खरेदीला पासवर्ड लावून ठेवावा आणि तो आम्हा मुलांना सांगू नये.

काही आजोबा-आजी म्हणतील, "पोरांनी मोबाईल धरायचाच कशाला? मैदान काय ओस पडलंय?" त्यांचे बरोबर आहे. खो-खोची जागा कोणताच मोबाईल घेणार नाही. पण आमच्या वर्गात काहींच्या घरी मोबाईलच नाही, त्यांचे काय? म्हणूनच माझी चौथी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आम्ही मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या फरशीवर खडूने पट आखला आणि बाटल्यांच्या बुचांवर राजा, वजीर लिहून बुद्धिबळ मांडले. ज्या मुलीच्या घरी मोबाईल नाही, तिनेच मला दोनदा हरवले!

मी हे सगळे घरी बाबांना सांगितले. त्यांनी ट्रंक उघडली. आता नियम असा आहे की अभ्यास झाल्यावर अर्धा तास, नेट बंद करून, आणि बाजाराचा निरोप बघून झाल्यावरच.

पालकांना माझी नम्र विनंती आहे की मोबाईल कुलपात ठेवण्याआधी एकदा आमच्याशेजारी बसून आमचा खेळ बघा. आणि मित्रांनो, 'फुकट' हा शब्द दिसला की आधी विचारा, याची किंमत कोण देतंय?

चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी