डबीतले नाणे

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी शेजारच्या काकू पदराखाली काहीतरी झाकून आमच्या महालातल्या घरी आल्या. मराठीच्या प्राध्यापकाला जुनेपुराणे सगळे कळते, असा आमच्या गल्लीचा गोड गैरसमज आहे. आणि खरे सांगू? तो दूर करण्याची खटपट मीही फारशी करीत नाही!

काकूंनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक, लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया, सासूबाईंनी दिलेला. दुसरी, अमेरिकेतल्या भाच्याने पाठविलेली पारदर्शक प्लास्टिकची चपटी डबी. आत एक चिमुकले नाणे आणि वर छापील पट्टी.

"भाऊ, अशा डबीतल्या नाण्यांना म्हणे हजारोंनी पैसे येतात. नातीच्या फीला कमी पडून राहिले. ही विकू की रुपया?"

प्रश्न साधा नव्हता. मी दोन्ही वस्तू घेऊन इतवारीतल्या एका नाणेसंग्राहक स्नेह्याकडे गेलो. त्याने आधी नाणे पाहिलेच नाही, पट्टी वाचली. म्हणाला, "हा नमुना आहे."

अमेरिकेत 1986 साली पीसीजीएस व 1987 साली एनजीसी अशा दोन कंपन्या निघाल्या. नाणे अस्सल आहे का ते पाहावयाचे, 1 ते 70 पर्यंत गुण द्यावयाचे (अगदी आमच्या उत्तरपत्रिकांसारखे!) आणि ते डबीत बंद करावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. पण आपली डबी कशी दिसते हे लोकांना कळावे, म्हणून त्या साधी, स्वस्त नाणी घालून काही डब्या प्रदर्शनांत वाटतात. त्यांच्या पट्टीवर 'सॅम्पल' असा शब्द छापलेला असतो. कधी प्रदर्शनाचे नाव नि सालही असते. गुणांचा आकडा दिसला, तरी तो आतल्या नाण्याला तपासून दिलेला असेलच असे नाही. गंमत म्हणजे, थोड्याच वाटल्या गेलेल्या जुन्या नमुन्यांचेही शौकीन आहेत. पण ते पैसे मोजतात ते डबीचे, नाण्याचे नव्हेत! काकूंची डबी मात्र सर्रास वाटलेल्यांपैकी, आणि आत दहा सेंटांचे नाणे.

मग रुपया. त्यावर साल 1862. तोळाभर वजन, बारांत अकरा भाग चांदी. पण हेच साल घालून पुढे कित्येक वर्षे रुपये पाडले गेले, त्यामुळे ते दुर्मिळ नव्हेत. शिवाय दर दिवाळीला चिंच-रांगोळीने घासून राणीचे नाक पार झिजलेले. घासलेल्या नाण्याला त्या कंपन्या सहसा गुणच देत नाहीत; 'साफ केलेले' एवढाच शेरा मारतात. म्हणजे किंमत चांदीची, तेवढीच.

हे सारे काकूंना सांगताना मला अवघड वाटत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. रुपया तळहातावर ठेवून म्हणाल्या, "सासूबाईंनी घासला, मी घासला. जाऊ द्या जी. डबीतल्या नाण्याला कुंकू तरी कुठं लावता येते!"

फीसाठी त्यांनी भिशी उचलली. डबी नातीच्या कंपासपेटीत गेली. लक्ष्मीपूजनाला मी प्रसाद घ्यायला गेलो, तेव्हा चौरंगावर तोच नकटा रुपया होता.

वाचकहो, यंदा कोणी अशी डबी दाखविली, तर नाण्याआधी पट्टी वाचा. आणि पूजेचा रुपया घासण्यापूर्वी, तो विकावयाचा आहे की पुजावयाचा, एवढे मनाशी ठरवा.