थंडीचे सुख आणि रात्रीचे पाणी

उष्ण देशातील मनुष्यास थंडी ही चार दिवसांची पाहुणी वाटते, आणि पाहुणीचे कौतुक करण्यात आपले लोक कधीच कमी पडत नाहीत. मार्गशीर्ष सरत आला की शिरूर व दौंड तालुक्यांतील जो माळ वैशाखात डोळ्यांस जाळतो तोच प्रसन्न दिसू लागतो. शाळूची कणसे दुधात भरतात, गोवऱ्यांची आगटी पेटते आणि पुण्याहून मोटारी भरभरून मंडळी हुरडा खावयास येतात. मोराच्या चिंचोलीस मोर पाहावे, लसणीच्या चटणीबरोबर ऊन ऊन हुरडा खावा आणि दिवस मावळण्यापूर्वी घर गाठावे, हा बेत वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्हीही तो केला आहे.

पण दिवस मावळल्यावर त्याच शिवारात काय चालते, हे पाहावयास ही मंडळी थांबत नाहीत. पठारावरील हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. दुपारी सदरा भिजावा आणि पहाटे दात वाजावेत, असा हा प्रदेश. पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता. इकडील घरे उन्हाळ्याच्या धास्तीने बांधलेली. थंडीसाठी वाकळ आणि शेकोटी यांपलीकडे तजवीज नाही. ऊसतोडीस आलेल्या बीडकडील कुटुंबांच्या कोप्यांत तर वाकळही सर्वांस पुरत नाही.

असो. हवामानाशी भांडण करण्यात अर्थ नाही. आमचे भांडण वेळापत्रकाशी आहे. गव्हास थंडी मानवते, गव्हास पाणी देणाऱ्यास ती मानवत नाही; तरीही शेतीपंपांस वीज आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असा परिपाठ वर्षानुवर्षे चालत आला. दिवसा विजेची मागणी फार, म्हणून शेतीचा भार रात्रीवर ढकलावा, हा त्यामागील हिशेब. हिशेब कागदावर चोख आहे. मात्र त्यात, मध्यरात्री एका हातात फावडे व दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन गुडघाभर गार चिखलात दारे धरणारा मनुष्य कोठेच मांडलेला नाही.

त्यातच भीमा व घोड या नद्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याने लहान मुलांचेही बळी घेतले. अशा गावी रात्री बाराला वीज सोडणे म्हणजे शेतकऱ्यास पीक की प्राण असा पेच घालणे होय. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास सरकार वारसांस 25 लाख रुपये देते. ते द्यावेत, त्याविषयी वाद नाही. परंतु मृत्यूची किंमत ठरविणाऱ्या राज्यास तो टाळण्याचे कर्तव्य ठरविता येऊ नये, हे आमच्या कायद्याच्या बुद्धीस पटत नाही.

उपाय ठाऊक नाही असेही नव्हे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली निघाली, 2023 साली तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. सूर्य रात्री उगवत नाही, तेव्हा त्याची वीज दिवसाच मिळणार, इतके सरळ हे गणित आहे. मग क्रम कोणता लावावयाचा? जेथे जागा सोयीची किंवा पुढाऱ्याचा शब्द वजनदार तेथे आधी, असे न होता बिबट्याचा वावर असलेल्या गावांचा नंबर पहिला लागला पाहिजे. कोणत्या गावची वाहिनी कोणत्या तारखेस सौर होणार, याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. ती पुरी होईपर्यंत निदान मार्गशीर्ष ते माघ या तीन महिन्यांत तरी या गावांतील रात्रपाळी बंद ठेवून, त्यांचे आठही तास सकाळी नऊनंतर द्यावेत.